आणखी चार कुठे गेले?

कॉलेजचे वेळापत्रक मराठीच्या प्राध्यापकानेच करावे, असा कोणत्याही विद्यापीठाचा नियम नाही. तरीही ते काम बहुधा त्याच्याकडेच येते. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असतात, वाणिज्यवाल्यांना बाहेर मागणी असते आणि मराठीच्या माणसाला वेळच वेळ असतो, अशी एक समजूत प्राचार्यांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या (ज्यांच्या तोंडी अजून जुने नाव बसलेले आहे त्यांच्यासाठी औरंगाबादेतल्या) आमच्या कॉलेजातही ती आहे. म्हणून गेली आठ वर्षे तासांचे, चाचण्यांचे, तोंडी परीक्षांचे आणि नाना प्रकारच्या सभांचे वेळापत्रक माझ्या गळ्यात आहे. मर्ढेकर शिकवणाऱ्या बाईने दहा वाजून दहा मिनिटांच्या तासाला खोली क्रमांक चौदा मोकळी आहे का हे पाहत बसावे, यात काही काव्य आहे का ते मला अजून सापडलेले नाही.

पूर्वी हे काम कार्डशीटवर चाले. मोठी पट्टी घ्यायची, चौकोन आखायचे, निळ्या स्केचपेनने तास आणि लाल पेनने परीक्षा लिहायच्या. एखादे प्राध्यापक एकाच वेळी दोन वर्गांवर गेल्याचे सत्राच्या पहिल्या दिवशी, तेही विद्यार्थ्यांकडून कळे. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर वेळापत्रकाचा प्रोग्रॅम आला. त्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. एक खोली दोघांना दिली की तो तत्काळ तांबडा होतो. तास बदलला की तो सर्वांच्या फोनवर बदलतो. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी एकाच इयत्तेत इतकी पाती फुटली की, एका तासाला एकाच वर्गाची मुले सहा खोल्यांत विखुरलेली असतात. हे कार्डशीटवर सांभाळणे मला तरी जमले नसते.

अडचण येते ती छापताना. पडद्यावर महिना कसा डौलात दिसतो. रंगीबेरंगी पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर बोट ठेवले की तपशील उघडतो. मग आपण ‘प्रिंट’ म्हणतो, यंत्र थोडे कुरकुरते आणि जो कागद बाहेर येतो तो त्याच महिन्याचा असतो, पण तो महिना नसतो. त्यातले काहीतरी गळालेले असते. काय गळाले ते कागद सांगत नाही. चौकोनाच्या तळाशी बारीक अक्षरांत एवढेच लिहिलेले असते: ‘आणखी ४’.

हे असे का होते, याचा हिशेब मी एकदा बसून केला. तो साधा आहे, वाचकांनाही करता येईल. ए-फोर कागद आडवा धरला तर लांबी २९७ मिलिमीटर, उंची २१०. चारी बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर समास सोडला आणि वर महिन्याचे नाव, वारांची नावे यांसाठी आणखी वीस दिले, तर चौकोनांसाठी २७७ बाय १७० एवढी जागा उरते. सात वारांत वाटली की एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिलिमीटर रुंदी येते. उंची सहा आठवड्यांत वाटली तर अठ्ठावीस मिलिमीटर, त्यातले पाच तारखेच्या आकड्याने खाल्ले. इंग्रजी अक्षरे दाटीवाटीने बसवता येतात, आपल्या देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असा दुमजली संसार असल्यामुळे ओळीला चार मिलिमीटर तरी लागतात. म्हणजे एका दिवसाला पाच ओळी. त्यात ‘अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची बैठक’ हे नाव एकट्याने दोन ओळी घेते. या कक्षाच्या बैठका दर महिन्याला असतात, हे सांगायला नकोच.

उकारावरून आठवले. काही प्रोग्रॅमांत ओळीची उंची इंग्रजी अक्षर पाहून ठरवलेली असते. छापताना त्या ओळीच्या कडेबाहेर जे जाईल ते कापले जाते. आमच्याकडे एकदा ‘पुरवणी परीक्षा’ हे शब्द छापले गेले आणि खालचा उकार कापला गेल्यामुळे फलकावर ‘परवणी परीक्षा’ झळकली. नापास झालेल्या मुलांना ती पर्वणी वाटली असावी, कारण दोघांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून हसत हसत त्याबद्दल विचारले. ‘सूचना’ची ‘सचना’ झाली, ‘गुरुवार’चा ‘गरुवार’ झाला. व्याकरणाच्या तासाला उदाहरणे मिळाली एवढाच त्यातला फायदा.

पण सगळेच असे हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी आहे. घरात फोन एकच, तो वडिलांकडे. वडील दिवसभर शेतात किंवा बाजार समितीत. मुलगी सकाळच्या एस.टी.ने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरते, तिथून चालत कॉलेजात येते. तिचे सारे जग सूचनाफलकावर. परीक्षेच्या महिन्यात एका सोमवारी सात नोंदी होत्या. ऑफिसातून महिना छापून फलकावर लागला. त्यात सोमवारच्या चौकोनात तीन नोंदी दिसत होत्या आणि खाली ते सुप्रसिद्ध ‘आणखी ४’. त्या चारांत तिची मराठीची तोंडी परीक्षा होती. ती मंगळवारी आली.

“मॅडम, बोर्डावर नव्हतं ना ते,” ती म्हणाली.

ऑफिसातले एक गृहस्थ शेजारी उभे होते. ते म्हणाले, “अगं, ‘आणखी चार’ लिहिलं होतं की. सिस्टीममध्ये सगळं आहे. स्क्रीनवर बघायचं.”

“स्क्रीन कुठंय, सर?”

तिने हा प्रश्न उर्मटपणे विचारला नव्हता. तिला खरोखरच वाटले की तो पडदा कॉलेजात कुठेतरी लावलेला असेल आणि आपल्याला तो ठाऊक नसेल. गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढे अर्ज, प्राचार्यांची सही, पुन्हा तारीख असे सोपस्कार होऊन तिची परीक्षा झाली. पण त्यासाठी तिला दोनदा शेतातली कामे सोडून वडिलांना बरोबर आणावे लागले. त्या वडिलांनी ऑफिसच्या खिडकीशी हात जोडून उभे राहणे मला बघवले नाही. चूक तिची नव्हती, वडिलांची तर नव्हतीच.

या प्रसंगानंतर मी आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या सहकाऱ्याला गाठले आणि म्हटले, मला हे समजावून सांगा. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात सात नोंदी एका चौकोनात छापता येऊ नयेत, म्हणजे काय? त्यांनी जे सांगितले ते असे. या सगळ्या कॅलेंडरांची आपापसातली देवाणघेवाण चालते ती ‘आयकॅलेंडर’ नावाच्या एका जागतिक प्रमाण नियमावलीने. ती १९९८ साली ठरली आणि २००९ साली सुधारली गेली. एखादी सभा कधी सुरू होते, कधी संपते, दर आठवड्याला होते की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, हे एका यंत्राने दुसऱ्याला कसे सांगावे याचे बारीक नियम तीत आहेत. पण ती नोंद कागदावर कशी मांडावी याबद्दल ती काही सांगत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लेखी कागद हा फार तर पडद्याचा फोटो. पडद्यावर चौकोन भरला तरी बिघडत नाही, बोट लावले की तो उघडतो. कागदावर बोट लावून काय होणार?

मोठ्या कंपन्यांनाही हे कोडे सुटलेले आहे असे नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘आउटलुक’ जगभरच्या कचेऱ्यांत वापरतात. त्याच्या २००७ च्या आवृत्तीसाठी त्या कंपनीला ‘कॅलेंडर प्रिंटिंग असिस्टंट’ नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम काढावा लागला होता. नुसते कॅलेंडर नीट छापण्यासाठी! म्हणजे पत्र लिहिणे, पाठवणे, सभा बोलावणे हे सारे एका नोकराने करायचे, आणि महिना कागदावर उतरवायला दुसरा नोकर ठेवायचा. हे ऐकून मला थोडे बरे वाटले हे कबूल केले पाहिजे. आपल्या घरातला नळ गळतो आणि कळते की पाटलांच्या वाड्यातलाही गळतो, तसे.

आता वाचक म्हणतील, बाई, हे नवे दुखणे आहे, जुन्या माणसांना हे प्रश्न नव्हते. तर तसे नाही. एका चौकोनात पुष्कळ काही बसवण्याचा प्रश्न आपल्या छापखान्यांना दोनशे वर्षांपासून आहे, आणि त्यांनी तो फार हुशारीने सोडवला होता. पंचांग म्हणजे नावाप्रमाणे पाच अंगे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. शिवाय प्रत्येकाची समाप्तीची वेळ, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची रास, सण, व्रत, इंग्रजी तारीख, मुसलमानी तारीख. एका दिवसाच्या वाट्याला येते एक आडवी ओळ, आणि या सगळ्यांनी त्या एका ओळीत राहायचे. आमची अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची बैठक त्यापुढे काहीच नव्हे.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. त्याआधी जोशीबुवा हाताने नकला करीत. छापलेले पंचांग घरात घ्यायला लोक बिचकत. शाईत चरबी असेल असा संशय होता, म्हणून गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली असे सांगतात. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शिळाप्रेसमध्ये खिळे नसतात. हाताने लिहिलेले अक्षर दगडावर उतरते. म्हणजे छापणारा माणूस लिहिणाराच असतो. जागा कमी पडली तर तो अक्षर बारीक काढतो, ओळ थोडी तिरकी नेतो, समासात चढतो. गर्दीच्या दिवसाला जागा करून देणे त्याच्या हाताला आपोआप येते.

पुढे शिशाचे खिळे आले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी अक्षरांची वळणे इतकी सुबक की आजही जुने पुस्तक हातात आले तर पान उलटावेसे वाटत नाही. पण खिळा हा धातूचा. तो चेपता येत नाही. कोष्टकात तर प्रत्येक उभ्या-आडव्या रेघेला पट्टी बसवायची, प्रत्येक खणात जुळणी मापात आणायची. एक खण फुगला तर सगळी चौकट हलते. खिळाजुळारी लोक अशा कामाला का कंटाळत हे उघड आहे. तरी पंचांगे निघत राहिली, सोलापूरच्या दात्यांचे पंचांग तर आजही घरोघरी आहे. हे जमले कसे? संक्षेपाने.

पंचांग उघडून पाहा. अमावास्या हा शब्द तिथे लिहीत नाहीत, तिथीच्या रकान्यात ३० हा आकडा असतो. पौर्णिमा म्हणजे १५. नक्षत्रांची पहिली अक्षरे: रोहिणीचे ‘रो’, मृगाचे ‘मृ’, स्वातीचे ‘स्वा’. पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा यांत घोळ होऊ नये म्हणून ‘पूषा’ आणि ‘उषा’. शुद्ध पक्षाचा ‘शु’, वद्य पक्षाचा ‘व’. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली होती, पण ती ओळ घडाघडा वाचायची. म्हणजे छापणाऱ्याने शब्द कापला होता खरा, पण तो कसा कापणार हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक होते. त्यातून काहीही नाहीसे होत नव्हते. ‘रो’ पाहिले की रोहिणी पुरी उभी राहते. ‘आणखी ४’ पाहून कोण उभे राहणार? माझी तक्रार प्रोग्रॅमने कापण्याबद्दल नाहीच. कापताना त्याने समोरच्या माणसाशी काही ठरवलेले नसते, ही तक्रार आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरांनीही अशा युक्त्या काढल्या. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले तेव्हा पंचांगातले जे घराला रोज लागते तेवढे भिंतीवर आणले. हिंदूंचे सण, मुसलमानांचे, ख्रिश्चनांचे, सगळे त्याच महिन्यात. पानाची पाठही वाया घालवली नाही, तिथे पाककृती आणि लेख आले. चतुर्थीचा चंद्रोदय तर गावागणिक वेगळा. आपले शहर मुंबईच्या पूर्वेला सुमारे अडीच अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर मुंबईहून दहा मिनिटे आधी आपल्याकडे चंद्र उगवतो. उपासकरी माणसाला दहा मिनिटे म्हणजे किती, हे ज्याने संकष्टी केली त्यालाच विचारावे. म्हणून गावागावांच्या वेळांचे वेगळे कोष्टक छापायची पद्धत पडली. चौकोनात न मावणारी गोष्ट चौकोनाबाहेर नेऊन ठेवली, फेकून दिली नाही.

सहाव्या ओळीची गंमतही सांगण्यासारखी आहे. महिन्याला चार आठवडे असतात असे आपण म्हणतो, पण तसे नेमके बसणारे महिने विरळा. २०२६ चा फेब्रुवारी तसा आहे. रविवारी सुरू, शनिवारी संपला, चार ओळींत चोख. उलट २०२६ चा ऑगस्ट शनिवारी सुरू होतो. रविवारपासून आठवडा मांडला तर पहिल्या ओळीत एकटा १ ऑगस्ट, आणि शेवटी ३० व ३१ साठी सहावी ओळ लागते. प्रोग्रॅम निमूटपणे सहा ओळी पाडतो आणि त्या दोन दिवसांसाठी साऱ्या महिन्याच्या पोटाला चिमटा बसतो. मघाच्या हिशेबाने पाच ओळींच्या महिन्यात एका दिवसाला सात ओळी मजकूर बसतो, सहा ओळींच्या महिन्यात पाचच. जुने छापणारे असा चिमटा घेत नसत. ते ३० आणि ३१ ला २३ आणि २४ च्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून ठेवत, किंवा वरच्या ओळीतल्या रिकाम्या खणांत नेऊन बसवत. या ऑगस्टात मात्र पोटभाडेकरूची पंचाईत आहे. अधिक ज्येष्ठामुळे श्रावण १३ ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे २४ हा दुसरा श्रावणी सोमवार आणि ३१ हा तिसरा. एका चौकोनात दोन श्रावणी सोमवार! वेरूळच्या घृष्णेश्वराच्या वाटेवर त्या दोन्ही दिवशी काय गर्दी असते हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. त्या रस्त्याने कॉलेजला येणाऱ्या मुलांना तर नाहीच.

आमच्या शहराला एका दिवसाच्या एकाच नावावर कधी भागवता आले नाही, हेही यात लक्षात घ्यायला हवे. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फसली सनाने चाले. घरात तिथी, मशिदीत हिजरी, कचेरीत फसली आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करताना इंग्रजी तारीख. दख्खनचा हा फसली सन शहाजहानच्या काळापासूनचा. हैदराबाद संस्थानात त्याचे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू होई. मग दै, बहमन, असे फारसी नावांचे महिने. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले तेव्हा कचेरीच्या कागदांत फसली १३५७ चालू होते. आजही जमिनीचा जुना कागद घेऊन कोणी आले की तहसिलीतला अनुभवी माणूस मनातल्या मनात ५९० मिळवतो. माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रोग्रॅमात आजूर आणि बहमन नाहीत, आणि ते असावेत असा माझा आग्रहही नाही. पण एका दिवसाला चार नावे असलेल्या गावातली माणसे ती चारही सांभाळत होती, हे त्या गावच्या कागदांवर दिसते.

कागदाची बाजू घेता घेता त्याचा दोष झाकून ठेवणे बरोबर नाही. कागद एकदा छापला की छापला. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली. दोन्ही मिरवणुका एका दिवशी नकोत म्हणून महाराष्ट्र शासनाने ईदची सुटी २९ ला नेली. वर्षभर आधी छापलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांना हे कळायला मार्ग नव्हता. आमच्या शिक्षककक्षातल्या कॅलेंडरावर शिपाईमामांनी तांबड्या बॉलपेनने २८ ची सुटी खोडली आणि २९ वर गोल काढला. ते खोडलेले सगळ्यांना दिसत होते आणि बदल झाला आहे हेही दिसत होते. उलट प्रोग्रॅममधून छापलेला कागद कोणत्या दिवशी छापला हे कागदावर बहुधा नसतेच. फलकावर एकाच महिन्याचे दोन कागद लागले तर नवा कुठला आणि जुना कुठला, हे टाचणीच्या गंजावरून ओळखायचे. छापल्याची तारीख आणि वेळ कोपऱ्यात यावी एवढी साधी मागणी मी तीन वर्षे करते आहे.

दिवाळीच्या अंकात दिवाळीचे उदाहरण दिले नाही तर संपादक रागावतील. २०२५ ची आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. देशाच्या पुष्कळ भागांत लक्ष्मीपूजन २० ला झाले, आपल्याकडच्या पंचांगांनी ते २१ ला दिले. अनेकांच्या फोनमधली दिवाळी २० ला होती आणि भिंतीवरची २१ ला. आमच्या सोसायटीत दोन दिवस हीच चर्चा. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, हाच घोळ ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरमध्ये झाला होता. यात कोण बरोबर हे सांगण्याचा अधिकार मला नाही, तो शास्त्री लोकांचा प्रांत. मला दिसते ते एवढेच की, चौकोन मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो. तिथी मात्र चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकेपर्यंत चालते. ती कधी वीस तासांत उरकते, कधी सव्वीस तासांवर रेंगाळते. सूर्योदय न पाहताच संपलेल्या तिथीला क्षय म्हणतात, दोन सूर्योदय पाहिलेलीला वृद्धी. अशा पाहुण्याला ठरावीक मापाची खोली देऊन ‘यातच राहा’ म्हणता येत नाही. वडिलांचे श्राद्ध दर वर्षी अमुक तिथीला, असे फोनला सांगून पाहा. तो तारीख मागतो.

तर आम्ही काय केले ते सांगते. छापण्यासाठी महिन्याचे चौकोन सोडून दिले. प्रोग्रॅममध्ये यादीची सोय असते. तारीख, वेळ, विषय, खोली अशी एकाखाली एक नोंद येते आणि तीत काही कापले जात नाही. सात नोंदी असल्या तर सात ओळी, सतरा असल्या तर सतरा. मात्र महिन्याची चार पाने होतात आणि महिन्याचा आकार हरवतो. कुठला आठवडा जड, कुठला हलका, परीक्षेच्या आधी किती दिवस मोकळे आहेत, हे चौकोनात एका नजरेत कळते, यादीत बोटावर मोजावे लागते. म्हणून यादीच्या शेजारी शिपाईमामांचे कार्डशीट पुन्हा आले आहे. त्यात फक्त परीक्षा आणि सुट्या, मोठ्या अक्षरांत, उकार-वेलांट्यांसकट. यंत्राच्या युगात पुन्हा पट्टी-पेन्सिल, म्हणून कोणी हसले तर हसू देत. औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या ए-थ्री कागदावरही एकदा छापून पाहिले. तिथेही आतले चौकोन पडद्याच्याच मापाने वाढले. अक्षर मोठे झाले आणि ‘आणखी ४’ अधिक ठळक दिसू लागले!

फलकाला यादी लागली की मुले गर्दी करतात आणि फोन उंच धरून तिचे फोटो काढतात. पाच मिनिटांत कागद पुन्हा पडद्यावर जातो. या वर्षी पहिली यादी लागली तेव्हा फुलंब्रीकडची ती मुलगी गर्दी पांगेपर्यंत थांबली. मग जिन्याच्या पायरीवर बसून वहीच्या मागच्या पानावर तिने पट्टीने महिना आखला आणि यादी पाहून एकेक नोंद उतरवू लागली. मी जाता जाता डोकावून पाहिले. एका सोमवारी सहा नोंदी होत्या. चौथीनंतर जागा संपली, तेव्हा तिने शेजारच्या रिकाम्या रविवारची भिंत खोडरबराने पुसली, उरलेल्या दोन तिकडे लिहिल्या आणि त्यांच्यापासून सोमवारपर्यंत एक बाण काढला.